प्रवासाचे आरक्षण: एजंटाकडून की स्वतः?

दिवाळीच्या सुट्टीत घरी जायचे आहे, किंवा परीक्षा संपल्यावर पाच-सहा मित्रमैत्रिणींनी मिळून सिक्कीमला जायचे ठरते आहे. पहिला प्रश्न तिकिटाचा येतो. कोपऱ्यावरच्या एजंटाला सांगायचे, की मोबाइल उघडून स्वतःच काढायचे? बहुतेक जण हा प्रश्न पैशांचा समजतात: एजंट शंभर रुपये जास्त घेईल, स्वतः काढले तर ते वाचतील. हा हिशेब चुकीचा नाही, पण अपुरा आहे. गाडी रद्द झाली, विमान कंपनी बंद पडली किंवा हॉटेलने ऐन वेळी खोली नाही म्हटले, तर परत मिळणारे पैसे कोणाच्या खात्यात जमा होणार आणि जाब कोणाला विचारायचा, हा प्रश्न त्या शंभर रुपयांपेक्षा मोठा आहे. या पाठात आपण आरक्षणाकडे त्या बाजूने पाहणार आहोत.

एजंट नेमका कोणाचा?

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १८२ मध्ये 'एजंट'ची व्याख्या आहे. दुसऱ्यासाठी एखादे काम करण्यासाठी, किंवा तिसऱ्या व्यक्तीशी व्यवहार करताना त्या दुसऱ्याचे प्रतिनिधित्व करण्यासाठी नेमलेला माणूस म्हणजे एजंट. कायद्याच्या मराठीत त्याला अभिकर्ता म्हणतात आणि ज्याच्या वतीने तो वागतो त्याला प्रकर्ता. आता तुमच्या तिकिटाचा विचार करा. एजंटाला तुम्ही पैसे देता, म्हणून तो तुमचा माणूस आहे असे तुम्हाला वाटते. पण त्याला नेमलेले असते बहुधा रेल्वेने, विमान कंपनीने किंवा हॉटेलने. म्हणजे प्रकर्ता ते, तुम्ही ग्राहक.

हा फरक केवळ शब्दांचा नाही. त्याच अधिनियमाच्या कलम २३० नुसार, वेगळे काही ठरले नसेल तर प्रकर्त्याच्या वतीने केलेल्या कराराला एजंट व्यक्तिशः बांधील नसतो. 'आम्ही फक्त तिकीट काढून देतो, पुढचे विमान कंपनीला विचारा' हे वाक्य तुम्ही ऐकले असेल. त्यामागे हे कलम उभे आहे. मात्र एजंटाने आपण कोणाच्या वतीने व्यवहार करतो आहोत हे उघड केले नसेल, तर उलट गृहीत धरले जाते आणि तो स्वतः बांधील ठरू शकतो. म्हणून पावतीवर कोणाचे नाव आहे हे पाहण्याची सवय लावून घ्या.

सहल कंपनीची गोष्ट वेगळी. तिने 'आठ दिवस, सात रात्री, जेवणासह' असे पॅकेज एका ठरलेल्या किमतीला विकले, तर ती तुमच्याशी स्वतः करार करते. हॉटेल, बस, जेवण या गोष्टी ती बाहेरून घेत असेल, पण तुम्हाला सेवा देण्याचे वचन तिचे असते. दोन्ही व्यवसायांच्या पाटीवर 'ट्रॅव्हल्स' असेच लिहिलेले असल्यामुळे हा फरक सहसा लक्षात येत नाही.

आता सर्वांत दुर्लक्षित मुद्दा. मोबाइलवरून काढलेले प्रत्येक तिकीट 'स्वतः' काढलेले नसते. विमान कंपनीच्या संकेतस्थळावरून तिकीट काढले तर मध्ये कोणी नाही. तेच तिकीट एखाद्या प्रवास-अॅपवरून काढले, तर ते अॅप एजंटच आहे. फक्त त्याला टेबल-खुर्ची नाही. रेल्वेच्या बाबतीतही खासगी अॅप शेवटी आयआरसीटीसीच्याच यंत्रणेतून आरक्षण करते आणि त्यावर स्वतःचे शुल्क लावते. त्यामुळे 'एजंट की ऑनलाइन' अशी निवड मांडणे मुळातच फसवे आहे. तुमच्या आणि वाहतूक कंपनीच्या मध्ये कोणी आहे का, आणि असल्यास कोण, एवढेच विचारायचे.

एजंटाचे कमिशन कुठे गेले?

५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुक यांनी इंग्लंडमधील लेस्टरहून लफबरोपर्यंत सुमारे ५०० लोकांना रेल्वेने नेले. माणशी भाडे होते एक शिलिंग आणि निमित्त होते दारूबंदीच्या सभेचे. आधुनिक सहल व्यवसायाची सुरुवात साधारणपणे इथून मानतात. एकट्या प्रवाशाला रेल्वे कंपनी जे देणार नाही, ते पाचशे प्रवासी घेऊन येणाऱ्याला देते. त्या काळात, आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे, वेळापत्रक, भाडे आणि रिकाम्या जागांची माहिती सामान्य माणसाच्या हाती नव्हती. एजंट ती माहिती विकत असे आणि त्याचा मोबदला विमान कंपनी कमिशनच्या रूपाने देत असे.

इंटरनेटमुळे माहिती फुकट झाली, तेव्हा कंपन्यांना हे कमिशन टोचू लागले. १९९५ साली अमेरिकेतील डेल्टा कंपनीने देशांतर्गत तिकिटावरील कमिशनला कमाल ५० डॉलरची मर्यादा घातली. भारतात २००८ च्या अखेरीस मोठ्या विमान कंपन्यांनी कमिशन बंद करण्याचे पाऊल उचलले आणि एजंटांच्या संघटनांशी त्यांचा दीर्घ वाद झाला. परिणाम तुमच्यापर्यंत पोहोचतो तो असा: पूर्वी जो खर्च भाड्यात दडलेला होता, तो आता 'सेवा शुल्क' किंवा 'सुविधा शुल्क' म्हणून वेगळा दिसतो. आणि एजंटाला साध्या तिकिटात फारसे काही उरत नसल्याने तो तुम्हाला हॉटेल, विमा, टॅक्सी यांसह संपूर्ण सहल विकू पाहतो. यात गैर काही नाही, फक्त त्याचा सल्ला ऐकताना ही गोष्ट आठवावी.

रेल्वे: तीन वाटा

आयआरसीटीसीने २००२ साली ऑनलाइन आरक्षण सुरू केले. सुरुवातीला तिकीट संगणकावर काढले तरी कागद कुरिअरने घरी येत असे. आज बहुतेक आरक्षित तिकिटे ऑनलाइनच निघतात आणि खिडकी विस्मरणात चालली आहे. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हे नुकसानीचे आहे.

कारण विद्यार्थी सवलत ऑनलाइन मिळत नाही. शिक्षणासाठी घरापासून दूर राहणाऱ्या विद्यार्थ्याला घरी जाण्या-येण्यासाठी, तसेच शैक्षणिक सहलीसाठी, द्वितीय आणि शयनयान श्रेणीत मूळ भाड्यावर ५० टक्के सवलत आहे. अनुसूचित जाती आणि जमातींच्या विद्यार्थ्यांना ती ७५ टक्के आहे. त्यासाठी महाविद्यालयाच्या प्रमुखांच्या सहीचा विहित नमुन्यातील दाखला घेऊन आरक्षण खिडकीवर जावे लागते. वाराणसीत शिकणारा नागपूरचा मुलगा वर्षातून चार वेळा हा प्रवास करत असेल, तर एजंटाचे शुल्क वाचवण्याच्या खटाटोपापेक्षा या एका दाखल्याने त्याचे कितीतरी जास्त पैसे वाचतील. महाविद्यालयाच्या कार्यालयात एकदा विचारून पाहा.

सवलतीचा प्रश्न नसेल तर स्वतःच्या आयआरसीटीसी खात्यावरून तिकीट काढणे हा बहुतेक वेळा सरळ मार्ग. ई-तिकिटावरील सुविधा शुल्क यूपीआयने पैसे दिल्यास वातानुकूलित नसलेल्या श्रेणीसाठी १० रुपये आणि वातानुकूलित श्रेणीसाठी २० रुपये आहे. इतर मार्गांनी ते १५ आणि ३० रुपये होते, वर जीएसटी. आगाऊ आरक्षणाची मुदत नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली. गणपतीसाठी मुंबईहून कोकणात जाणाऱ्यांना हा आकडा पाठच असतो, कारण साठाव्या दिवशी सकाळी काही मिनिटांत गाड्या भरतात.

एजंटाकडून रेल्वेचे तिकीट काढायला हरकत नाही. आयआरसीटीसीचे अधिकृत एजंट देशभर आहेत आणि त्यांनी किती शुल्क घ्यायचे याला मर्यादा घातलेली आहे. गावाकडच्या आजी-आजोबांना तोच आधार असतो. पण त्या तिकिटाचे दोन परिणाम आधी माहीत हवेत. एक, ते तिकीट एजंटाच्या खात्यातून निघते, म्हणून रद्द करायचे तर त्याच्याच खात्यातून. गाडी तीन तासांहून जास्त उशिरा धावत असेल आणि तुम्ही प्रवास करणार नसाल, तर पूर्ण परताव्यासाठी 'टीडीआर' नावाचा अर्ज गाडी प्रत्यक्ष सुटण्यापूर्वी भरावा लागतो. रात्री साडेअकराला एजंटाचे दुकान बंद आहे आणि तो फोन उचलत नाही, अशी वेळ आली तर काय होईल? दोन, परतावा तिकिटाचे पैसे ज्या खात्यातून गेले त्या खात्यात येतो, म्हणजे एजंटाकडे. तो प्रवाशापर्यंत पोहोचावा म्हणून २०१९ च्या ऑक्टोबरपासून अधिकृत एजंटांच्या तिकिटांसाठी ओटीपीची पद्धत आहे: परताव्याची रक्कम आणि एक ओटीपी प्रवाशाच्या मोबाइलवर येतो आणि पैसे मिळताना तो एजंटाला सांगायचा असतो. आरक्षण करताना एजंटाने तुमच्याऐवजी स्वतःचाच नंबर टाकला असेल, तर ही सारी व्यवस्था निकामी होते. म्हणून आपला नंबर टाकायला सांगा आणि तो टाकला की नाही हे संदेश आल्यावरच खरे माना.

तत्काळ तिकिटाबद्दल वेगळे सांगायला हवे. प्रवासाच्या आदल्या दिवशी वातानुकूलित श्रेणीसाठी सकाळी १० वाजता आणि इतरांसाठी ११ वाजता तत्काळ आरक्षण उघडते. जुलै २०२५ पासून पहिल्या अर्ध्या तासात अधिकृत एजंटांनाही ते काढता येत नाही, आणि ऑनलाइन तत्काळसाठी खाते आधारशी पडताळलेले असावे लागते. गर्दीच्या मार्गावर जागा त्या अर्ध्या तासातच संपतात. तेव्हा 'पाचशे जास्त द्या, तत्काळ कन्फर्म करून देतो' असे कोणी म्हणत असेल तर तो हे कोणत्या मार्गाने करणार, याचा विचार तुम्हीच करा.

हा विचार वसतिगृहातही करावा लागतो. मजल्यावर एखादा हुशार मुलगा असतो. तो स्वतःच्या खात्यावरून सगळ्यांची तिकिटे काढतो आणि प्रत्येकी पन्नास रुपये घेतो. मित्रांसाठी किंवा नातेवाइकांसाठी फुकट तिकीट काढणे चालते. पण वैयक्तिक खात्यावरून मोबदला घेऊन तिकिटे पुरवण्याचा धंदा करणे हा रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४३ खाली गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा कायदा ऑनलाइन तिकिटांच्या आधीचा असल्याने तो त्यांना लागू होतो का, असा प्रश्न न्यायालयात आला होता. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले की तिकीट कागदी असो की ई-तिकीट, अनधिकृतपणे ते पुरवण्याचा धंदा या कलमात येतो. पन्नास रुपयांसाठी हा धोका कोणी पत्करू नये.

विमान: पैसे अडकतात कुठे

विमानाच्या बाबतीत भाड्यातला फरक अनेकदा नगण्य असतो. कधी अॅपवर बँक कार्डाची सूट असते, कधी कंपनीच्या संकेतस्थळावर स्वस्त मिळते. तपासून पाहावे. पण तपासताना पहिल्या पडद्यावरची किंमत न पाहता पैसे भरण्याच्या पडद्यावरची पाहा. न मागता जोडलेला विमा किंवा देणगी, शेवटच्या पायरीवर वाढणारे शुल्क, 'फक्त २ जागा उरल्या' अशी खोटी घाई, विमा नाकारताना ग्राहकाला खजील करणारी वाक्ये: अशा १३ प्रकारांना केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी अनुचित ठरवले आहे. बंदी आली म्हणजे हे प्रकार नाहीसे झाले असे समजू नका.

तिकीट रद्द केल्यावर विमान कंपनीचे शुल्क कापले जाते. मध्ये अॅप किंवा एजंट असेल तर त्याचेही वेगळे कापले जाते आणि त्याचे सुविधा शुल्क सहसा परत मिळत नाही. तिकीट 'ना-परतावा' स्वरूपाचे असले तरी त्यातील वैधानिक कर आणि विमानतळाचे प्रवासी शुल्क प्रवाशाला परत मिळायला हवे, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. अनेक जण 'काही मिळणार नाही' असे समजून तिकीट रद्दच करत नाहीत आणि हे पैसे सोडून देतात. एजंटामार्फत काढलेल्या तिकिटाच्या परताव्याची जबाबदारीही विमान कंपनीचीच, असे तोच नियम सांगतो.

नियम असला तरी पैसा दोन हातांतून येतो तेव्हा काय होते, हे टाळेबंदीने दाखवले. मार्च २०२० मध्ये उड्डाणे बंद झाली. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले: टाळेबंदीच्या काळात, त्याच काळातील प्रवासासाठी एजंटामार्फत काढलेल्या तिकिटांचे पैसे विमान कंपन्यांनी परत करावेत आणि एजंटांनी ते लगेच प्रवाशांना द्यावेत. तरीही २०२४ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला एका मोठ्या प्रवास-पोर्टलला थकलेले परतावे देण्याचा आदेश काढावा लागला. चार वर्षे! ज्यांनी थेट कंपनीकडून तिकीट घेतले होते, त्यांच्या वाटेत निदान हा एक टप्पा नव्हता.

पण थेट आरक्षण म्हणजे कवच, असेही समजू नका. गो फर्स्ट या विमान कंपनीने २ मे २०२३ रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला आणि दुसऱ्या दिवसापासून उड्डाणे थांबवली. तेव्हा थेट तिकीट काढणारे आणि एजंटामार्फत काढणारे, दोघांचेही पैसे अडकले. फरक एवढाच की चांगल्या एजंटाच्या ग्राहकाला त्याच संध्याकाळी दुसऱ्या विमानाचे पर्याय सांगणारा माणूस फोनवर होता. ही सेवा खरी आहे आणि तिची किंमत द्यायला हरकत नसावी.

एजंटाशिवाय जमत नाही तिथे

काही ठिकाणी निवडच नसते. उत्तर सिक्कीममधील लाचेन, लाचुंग, गुरुडोंगमार या भागांसाठीचे परवाने नोंदणीकृत स्थानिक सहल संस्थेमार्फत निघतात. गंगटोकला उतरून भाड्याची दुचाकी घेऊन थेट गुरुडोंगमारला जाऊ, हा बेत चालणार नाही. उलट अरुणाचल प्रदेशात जाण्यासाठी लागणारा इनर लाइन परवाना भारतीय नागरिकाला स्वतः ऑनलाइन काढता येतो. त्यासाठी कोणाला पैसे देण्याची गरज नाही. केदारनाथच्या हेलिकॉप्टरचे आरक्षण आयआरसीटीसीच्या अधिकृत संकेतस्थळावर होते, आणि नेमक्या त्याच नावाने बनावट संकेतस्थळे उभी करून यात्रेकरूंना फसवण्याचे प्रकार झाले आहेत. जायच्या ठिकाणच्या राज्य सरकारचे पर्यटन पान आधी वाचणे हे दहा मिनिटांचे काम आहे.

चाळीस जणांची शैक्षणिक सहल असेल, तर मी एजंट किंवा सहल कंपनीच्या बाजूने कौल देईन, निदान बस आणि निवासासाठी. आयआरसीटीसीवर एका तिकिटात सहाच प्रवासी बसतात. चाळीस जणांची सात तिकिटे होतात आणि जागा वेगवेगळ्या डब्यांत विखुरतात. रेल्वेचा भाग मात्र महाविद्यालयाने लेखी अर्जाने आणि सवलतीच्या दाखल्यासह खिडकीवरूनच करावा. एकच प्रवास तुकड्यांत विभागून प्रत्येक तुकड्यासाठी वेगळा मार्ग निवडता येतो, हे लोक विसरतात. रेल्वे स्वतः, सिक्कीममधली गाडी स्थानिक संस्थेकडून, गंगटोकचे हॉटेल त्याला फोन करून, असे सहज करता येते. हॉटेलला फोन करून 'अॅपवर इतका दर दिसतो, थेट आलो तर काय द्याल?' असे विचारायला संकोच वाटू देऊ नका. अॅपला द्यावे लागणारे कमिशन वाचत असल्याने व्यवस्थापक बहुधा काहीतरी कमी करतो.

पॅकेज घेताना पैशांच्या सुरक्षिततेचा विचार अधिक करावा लागतो, कारण संपूर्ण रक्कम महिनोन्‌महिने आधी एकाच कंपनीकडे जाते. सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रिटनमधील थॉमस कुक कंपनी बुडाली. (याच नावाची भारतातील कंपनी तेव्हा स्वतंत्र मालकीची होती आणि ती बुडाली नाही.) तेव्हा परदेशात असलेल्या सुमारे दीड लाख ब्रिटिश पर्यटकांना तिथल्या सरकारी यंत्रणेने परत आणले. तिथे हवाई पॅकेज विकणाऱ्या कंपन्यांना प्रत्येक प्रवाशामागे ठरावीक रक्कम एका संरक्षण निधीत भरावी लागते. भारतात सहल कंपनी बुडाल्यास प्रवाशाला भरपाई देणारा असा सक्तीचा निधी नाही. म्हणून इथे पूर्ण रक्कम आगाऊ देण्याऐवजी टप्प्याटप्प्याने द्या आणि विमानाचे तिकीट निघाले असे सांगितल्यावर त्याचा पीएनआर घेऊन विमान कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळा. पीएनआर द्यायला टाळाटाळ करणाऱ्याला पुढचा हप्ता देऊ नका.

तक्रार कुठे करायची

पैसे अडकले तर आधी लेखी, म्हणजे ई-मेलने, मागणी करा. फोनवरच्या आश्वासनाचा पुरावा उरत नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यानेही काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने विद्यार्थ्यांच्या सोयीचा एक बदल केला: तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या आयोगाकडेही तक्रार करता येते. एजंट दिल्लीचा आणि तुम्ही सोलापूरला असाल तर दिल्लीला जावे लागत नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रारीचे शुल्क नाही आणि तक्रार ऑनलाइन दाखल होते. आयोगासमोर पहिला प्रश्न येईल तो पावती कोणाच्या नावाची, हाच.

स्वाध्याय

तुम्ही किंवा तुमच्या घरच्यांनी अलीकडे काढलेले एक तिकीट आणि त्याची पावती समोर घ्या. त्यावर वाहतूक करणारी संस्था कोण, तिकीट कोणाच्या खात्यातून निघाले, कोणाचा मोबाइल नंबर नोंदला आहे आणि मूळ भाड्याखेरीज कोणकोणती शुल्के आहेत, ते शोधा. हा प्रवास आदल्या रात्री रद्द करावा लागला असता तर किती रक्कम, कोणामार्फत आणि कोणाच्या खात्यात परत आली असती, ते लिहा.